तीन रविवारांत ‘होय’ म्हणता येत नाही

आदरणीय पाळकसाहेब, पास्टरेट कमिटीचे सर्व सभासद आणि मंडळीतले आईवडील यांस,

जय ख्रिस्त.

गेल्या रविवारी उपासनेच्या शेवटी जाहिराती वाचल्या गेल्या. हॉलचे भाडे वाढल्याची जाहिरात झाली, महिला मंडळाच्या सहलीची झाली, आणि या दोन्हींच्या मध्ये दोन ओळी येऊन गेल्या. यंदापासून दृढीकरणाचा वर्ग, म्हणजे मोठ्या झालेल्या मुलांनी बाप्तिस्म्याचा शब्द स्वतः देण्याआधीची तयारी, सहा महिन्यांऐवजी तीन रविवारांचा राहील, उपासनेनंतर अर्धा-अर्धा तास. फॉर्मसोबत प्रत्येकी 2,500 रुपये भरावेत, त्यात गाऊन किंवा सूटचे भाडे, फोटो आणि जेवण धरले आहे. मग आशीर्वाद झाला आणि सगळे चहाला गेले. मीही गेले, कप हातात धरून उभी राहिले आणि कोणाशी एक शब्द बोलले नाही. त्या गप्प राहण्याची टोचणी आठवडाभर लागली, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

बंद पाकिटातून कमिटीला देता आले असते. पण निर्णय सगळ्या मंडळीच्या लेकरांचा आहे, आणि दुसऱ्या गावच्या नातेवाइकांशी बोलले की त्यांच्याकडेही वर्ग असाच आटत चालल्याचे कळते. म्हणून उघड लिहिते. कोणाचा अपमान करायचा नाही. कमिटीतल्या निम्म्या लोकांना मी शब्बाथ शाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात, शिकवले आहे, बाकीच्यांबरोबर मी वाढले आहे.

मी 64 वर्षांची, निवृत्त परिचारिका. 27 वर्षे शब्बाथ शाळा घेतली, त्यातली शेवटची 11 वर्षे दृढीकरणाच्या वर्गात पाळकसाहेबांच्या हाताखाली बसले. आणि यंदा फॉर्म भरणाऱ्यांत माझी नात आहे.

निर्णयाचे कारण विचारायला मी कमिटीतल्या एका बंधूंना फोन केला. ते शांतपणे म्हणाले, "ताई, मुलांना क्लासेस असतात, दहावीचं वर्ष जवळ येतं. आणि सहा महिने शिकवायचं असतं तरी काय? दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, मतांगीकार. पोरं हुशार आहेत, तीन रविवारांत पाठ करतील."

पाठ तर मी एका आठवड्यात केले होते. 1976 सालची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते, शब्बाथ शाळेत दरवर्षी बक्षीस घेणारी. आमच्या गावी पाळकसाहेबांच्या ओसरीवर शनिवारी संध्याकाळी वर्ग भरायचा. आम्ही नऊ जण होतो. चौथ्या महिन्यात त्यांनी आम्हाला एकेकाला वेगळे बसवून घेतले. मला वाटले, वचने म्हणून घेतील. त्यांनी विचारले, "बाळ, जिच्याशी तू बोलत नाहीस असं कोणी आहे का?"

होती. माझी चुलती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमच्या आणि चुलत्यांच्या घरात दोन वर्षे बोलणे बंद होते. मी म्हणाले, "ते भांडण वडिलांचं आहे, माझं नाही."

"मग तुला जायला काय हरकत आहे? तिच्या घरी जाऊन जेव, आणि मग वर्गाला ये."

पहिल्या आठवड्यात मी गल्लीच्या वळणापर्यंत गेले आणि परत आले. दुसऱ्या आठवड्यातही तेच. तिसऱ्या आठवड्यात दारापर्यंत गेले, आतून चुलत्याचा आवाज आला तशी पळाले. चौथ्या आठवड्यात आत गेले. चुलती चुलीपुढे बसून भाकरी थापत होती. तिने वर पाहिले नाही, डाव्या हाताने पाट सरकवला आणि म्हणाली, "बस." बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, वर तेलाची धार. मी जेवले. दोघी काही बोललो नाही. उठताना तिने विचारले, "आईला ठाऊक आहे?" मी मान हलवून नाही म्हटले. तिने अर्धी भाकरी फडक्यात बांधून माझ्या हातात दिली. ती भाकरी घरी आईने बराच वेळ नुसती पुढ्यात ठेवली होती, मग खाल्ली.

पाण्याचे भांडण त्यानंतरही चालले, ते काही त्या भाकरीने मिटले नाही. पण बिशपसाहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवण्याआधी जे प्रश्न विचारले, त्यांना मी ‘होय’ म्हटले तेव्हा त्या ‘होय’चा अर्थ मला कळला होता. आता कमिटीने हिशेब करावा. तीन आठवडे तर मला चुलतीच्या दारापर्यंत पोचायलाच लागले होते.

दृढीकरण म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. तान्हेपणी बाप्तिस्मा होतो तेव्हा आपल्या वतीने आईबाप बोलतात. दृढीकरणाला पोर स्वतःच्या तोंडाने बोलते, सगळ्या मंडळीसमोर. येशूच्या मागे मी संपूर्ण मनाने चालेन, असा तो शब्द आहे. लग्न जमवताना आपण महिनोन् महिने पाहतो, विचारतो, घर बघायला जातो. इथे आपण जन्माचा शब्द घेतो आहोत, आणि वेळ देतो दीड तास.

प्रभूने तर घाई कधीच केली नाही. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा अंदाज घ्या, असे त्यानेच मागे येणाऱ्या लोकांना सांगितले. तो श्रीमंत तरुण धावत आला, गुडघे टेकले, लहानपणापासून सगळ्या आज्ञा पाळल्या म्हणाला. आपल्या वर्गात असता तर पहिला आला असता. मार्कने लिहिले आहे की येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली, आणि मग त्याला जे सर्वांत जड होते तेच मागितले. तो खिन्न होऊन निघून गेला. येशू त्याच्यामागे ‘बरं, निम्मं दे’ म्हणत गेला नाही. आपण मात्र मुले निघून जातील या भीतीने आधीच निम्मे करून ठेवले आहे.

हॉलच्या भिंतीवर आपण नारायण वामन टिळक, लक्ष्मीबाई आणि पंडिता रमाबाई यांच्या तसबिरी लावल्या आहेत. त्यांच्या खालीच आता हा तीन रविवारांचा वर्ग भरणार. टिळकांना 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला 10 फेब्रुवारी 1895 ला, मुंबईत. मधली दोन वर्षे तो माणूस वाचत होता, झगडत होता, कारण पुढे काय काय तुटणार हे त्याला दिसत होते. तुटलेही. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे दूर राहिल्या, आणि परत आल्यावरही सोवळे पाळत राहिल्या. त्यांचा बाप्तिस्मा 1900 सालचा. पाच वर्षे! टिळकांना आपल्या बायकोचे नाव घाईने पटावर घालता आले असते का? घालता आले असते तरी ती पुढे जी लक्ष्मीबाई झाली ती झाली असती का? रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, आणि ख्रिस्त खऱ्या अर्थाने आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी सापडला, असे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. इतक्या प्रखर माणसांना वर्षे लागली, आणि चौदा वर्षांच्या पोराकडून आपण तीन रविवारांत उत्तर मागतो.

आणखी एका माणसाची आठवण करून देते, कारण त्याने दृढीकरणाचाच वर्ग घेतला होता. डिट्रिख बॉनहॉफर. नाझी राजवटीने 1945 च्या एप्रिलमध्ये ज्यांना फाशी दिली ते जर्मन पाळक. त्यांच्या मरणाची गोष्ट आपल्या व्यासपीठावरून अनेकदा सांगितली जाते. त्याच्या कितीतरी आधी, 1931-32 च्या हिवाळ्यात, बर्लिनमधल्या एका गरीब कामगार वस्तीत त्यांच्याकडे पन्नासेक दांडगट मुलांचा वर्ग आला. आधीचे वयस्कर पाळक जिना चढताना ही मुले वरून त्यांच्या अंगावर काहीबाही टाकायची. बॉनहॉफर चांगल्या घरचे, विद्यापीठात शिकवणारे. त्यांनी त्या भागात खोली भाड्याने घेतली आणि मुलांना संध्याकाळी घरी यायची मोकळीक दिली. मुलांच्या घरी गेले, कोण आजारी, कोणाचा बाप बेकार, हे पाहिले. आणि दृढीकरणाचा दिवस जवळ आला तेव्हा कापडाचा मोठा ताका विकत घेऊन मुलांच्या सुटांसाठी वाटला. मुलांकडून सुटाचे भाडे घेतले नाही.

आता त्या 2,500 रुपयांविषयी. जाहिरातीनंतर दोन दिवसांनी वस्तीवरची एक बहीण माझ्या दारात आली. चार घरची धुणीभांडी करते. तिची दोन्ही मुले यंदा वर्गाला बसायची आहेत. तिने मला हळूच विचारले, "बाई, हप्त्यानं चालंल का हो?" कमिटीतल्या बंधूंनो, हा प्रश्न तुमच्या कानावर पडावा म्हणून मी तो तिच्याच शब्दांत लिहिला आहे. प्रभूच्या मेजापर्यंत यायला हप्ते पडणार असतील तर आपण ते मेज कोणाचे समजतो?

देण्याविषयी माझी तक्रार नाही. द्यायला मी आजीकडून शिकले. तिच्याकडे पावडरीचा एक रिकामा डबा होता, झाकणाला दोरा बांधलेला. दोन्ही वेळा पीठ मळण्याआधी ती एक मूठ त्यात टाकायची, रविवारी तो डबा चर्चला जायचा. 1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आजी आणि आई रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जायच्या. घरात रेशनवर मिळणारा लाल मिलो, म्हणजे लाल ज्वारी, त्याच्या भाकऱ्या थापताना तुटायच्या. एके दिवशी पीठ इतके थोडे होते की आईने तो डबा फळीवरून काढलाच नाही. आजीने उठून तो घेतला, मूठ भरली, मग मूठ थोडी सैल करून निम्मे पीठ परातीत परत सोडले आणि उरलेले डब्यात टाकले. त्या सैल झालेल्या मुठीइतके भरलेले अर्पण मी पुढे पाहिले नाही. मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकणाऱ्या विधवेचा उतारा वाचला जातो तेव्हा मला ती परात दिसते. पण त्या डब्यावर कोणी आकडा लिहिला नव्हता, आणि डबा रिकामा आला म्हणून कोणाचे लेकरू दाराबाहेर राहिले नव्हते.

अर्ध्या तासाच्या वर्गात कधीच न मावणारी एक गोष्ट आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिची वाटते. सहा वर्षांपूर्वी वर्ग संपल्यावर एक मुलगा मागे थांबला. बाकीचे गेल्यावर म्हणाला, "टीचर, शाळेच्या दाखल्यावर आमचा धर्म वेगळा आहे. इथं मी मंडळीसमोर उभा राहून ख्रिस्ताचा म्हणणार. मग मी खोटा का?"

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचा आहे आणि आपण त्यावर मोठ्याने बोलत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती धर्माला बांधल्या. 1956 मध्ये शीख बांधवांना आणि 1990 मध्ये बौद्ध बांधवांना त्यात घेतले गेले, ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेतल्याने गावातली जागा बदलत नाही, जातीचा दाखला मात्र हातचा जातो. ज्यांच्या पोटाला ही अट लागली आहे त्यांच्यावर अर्ध्या मनाचा शिक्का मारायला माझा हात उठत नाही, कोणाचा उठूही नये. संपूर्ण मनाने चालण्याची भाषा मी या पत्रात करते आहे ती त्यांच्यावर दगड उचलण्यासाठी नाही.

पण त्या मुलाला उत्तर हवे होते. ‘चालतं, सगळे तसंच करतात’ हे त्याला नको होते, आणि ‘खोटा आहेस’ हे खरे नव्हते. पाळकसाहेब, तुमच्या आधीचे साहेब आणि मी त्याच्याशी दोन महिने बोलत राहिलो. त्याच्या वडिलांना भेटलो, ते आमच्यासमोर रडले. त्या वर्षी मुलाने दृढीकरण घेतले नाही. दोन वर्षांनी घेतले, स्वतः येऊन, सगळा विचार करून. काय ठरवले ते त्याचे आणि प्रभूचे, मी इथे लिहिणार नाही. आज तो दर रविवारी शेवटच्या बाकावर लहान मुलांना घेऊन बसतो. नव्या पद्धतीत तो पहिल्याच वर्षी फोटोत आला असता. आणि त्याचा प्रश्न? तो विचारायला त्याला जागा कुठे मिळाली असती?

कमिटीच्या इतर काही गोष्टीही याच धाग्यात गुंतल्या आहेत. बुधवारची प्रार्थना फक्त सात जण येतात म्हणून बंद केली. त्या सातांतली एक मी होते. पावसाळ्यात वीज गेली की आम्ही मेणबत्तीवर बसायचो आणि ज्यांची नावे घ्यायचो त्यांतली बरीच नावे तुमच्या घरची असायची. पास्टरेटच्या मागच्या बैठकीत काय झाले ते मला नंतर कळले. तीन तासांतले सव्वादोन तास कंपाउंडमधल्या गाळ्यांच्या भाड्यावर आणि कोर्टाच्या तारखांवर गेले, वर्गाचा विषय शेवटी दहा मिनिटांत उरकला. मिळकत सांभाळायला हवी हे मलाही कळते, आधीच्या पिढीने ती कष्टाने उभी केली आहे. पण प्रभुभोजन घेणाऱ्या सभासदांचा पट कमिटीची निवडणूक आली की तेवढा निघतो, एरवी त्या पटावरचा माणूस सहा महिने दिसला नाही तरी कोणी त्याच्या घरी जात नाही, हे बरोबर आहे का? तीन वर्षांपूर्वी 19 मुलांचे दृढीकरण झाले. परवाच्या रविवारी मी बाके मोजली, त्यांतली चार होती. काही शिकायला बाहेरगावी गेली आहेत, सगळी नव्हे.

आणि आईवडिलांनो, कमिटीला हे सुचले ते आपल्यामुळे. ‘क्लास बुडतो’ हे आपण सांगितले. गणिताच्या क्लासला पोराला पावसात स्कूटरवर सोडायला आपण जातो, शनिवारच्या वर्गाला मात्र ‘आज राहू दे’ म्हणतो. मुले लहान असली तरी आपण कशासाठी भिजतो हे त्यांना बरोबर दिसते. मी माझ्या मुलीलाही हेच म्हटले. ती रागावली, आणि दोन दिवसांनी तिचा फोन आला.

माझी मागणी साधी आहे. वर्ग पुन्हा सहा महिन्यांचा करावा. दिवस मुलांच्या सोयीने ठरवा, रविवारी दुपारी घ्या, सुट्टीत रोज घ्या, पण तेवढा काळ द्या. दृढीकरणाचे पैसे पूर्ण रद्द करावेत. जेवण करायचेच असेल तर मंडळीने वर्गणी काढावी आणि कोणी किती दिले ते वाचून दाखवू नये. सूट-गाऊनची सक्ती नको, धुतलेले कपडे पुरेत. बिशपसाहेबांची तारीख आणि फोटोग्राफर आधी ठरवून त्या तारखेला मुले बसवू नयेत. पाळकसाहेबांनी प्रत्येक मुलाशी एकट्याने बोलावे, आणि ‘मला अजून थांबायचं आहे’ म्हणणाऱ्या मुलाला थांबू द्यावे. त्याच्या घरच्यांना कोणी टोमणा मारू नये, पुढच्या वर्षी त्याच्यासाठी जागा ठेवावी. कमिटीच्या प्रत्येक सभासदाने निदान एका वर्गाला मुलांमध्ये खाली बसावे आणि बिशपसाहेब मुलांना जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरे मुलांसमोर द्यावीत. बुधवारची प्रार्थना सात जणांसाठीही उघडावी. किल्ली माझ्याकडे दिलीत तर दिवा लावायला मी जाईन.

पाळकसाहेब, तुमच्यावर तीन मंडळ्यांचा भार आहे, मोटरसायकलवर किती फिरता ते आम्ही पाहतो. म्हणून नुसते मागून थांबत नाही. शनिवारचा वर्ग माझ्या ओसरीवर घ्या. तुम्हाला यायला जमले नाही त्या दिवशी मी आणि निवृत्त मास्तर मिळून घेऊ. मानधन नको, चहा माझ्याकडे. पुढच्या पास्टरेट बैठकीत हा विषय पहिला घ्यावा आणि निर्णय त्यानंतरच्या रविवारी जाहिरातींत सांगावा, एवढी विनंती आहे.

नातीने फॉर्म भरला होता, पैसे अजून भरलेले नाहीत. परवा तिला विचारले, ज्याच्याशी तू बोलत नाहीस असे कोणी आहे का? ती बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत बसली. मग एका मैत्रिणीचे नाव सांगितले. येत्या शनिवारी पाच वाजता मी ओसरीवर सतरंजी घालणार आहे. नात येणार आहे, वस्तीवरच्या त्या बहिणीची दोन्ही मुले येणार आहेत. तुमचीही पाठवा.

ख्रिस्तात आपली,
मंडळीची एक सभासद